शिखरजी, व्हाया गोठ्याची खिडकी

"शिखरजीची यात्रा अशी करून दावतो, की पुढची पन्नास वर्सं गावानं आमचं बघून गाड्या पकडाव्यात," असं अण्णाप्पांनी बस्तीच्या, म्हणजे जैन देवळाच्या, पायरीवर बसून चारचौघांत जाहीर केलं, तेव्हा राजमतीबाई शेजारीच उभ्या राहून आपल्या चपला शोधत होत्या. त्यांनी शोधणं थांबवलं नाही. ही घोषणा त्या लग्न झाल्यापासून ऐकत होत्या!

शिखरजी म्हणजे पार झारखंडातला डोंगर. वीस तीर्थंकर तिथून मोक्षाला गेले. सांगलीकडच्या जैन घरातल्या माणसाला जन्मात एकदा तरी तो चढावा असं वाटतं, आणि राजमतीबाईंना तर ते परकर-पोलक्यात असल्यापासून वाटत होतं. पण त्यांच्या नवऱ्याला यात्रेपेक्षा यात्रेची आखणी प्यारी. पहिल्यांदा ठरलं तेव्हा नेमका ऊस तोडायला आला. पुढच्या खेपेला होल्डॉलचा पट्टा सापडेना, आणि सापडला तोवर उन्हाळा लागला. त्याच्या पुढच्या खेपेला सगळं सापडलं, पण तोपर्यंत बरोबर येणारी मंडळी जाऊन, डोंगर चढून, परत येऊन घरी प्रसादसुद्धा देऊन गेली होती!

यंदा मात्र राजमतीबाई हट्टाला पेटल्या होत्या. कारण गुडघे. सत्तरी आता हाकेच्या अंतरावर होती. हळद वाळत घातलेल्या गच्चीचा जिना त्या रोज पहाटे चढायच्या, उतरायच्या, पुन्हा चढायच्या. गुडघे कुरकुरत होते, पण यंदा "हो" म्हणत होते. पुढच्या वर्षाचं त्यांनी काही सांगितलं नव्हतं.

म्हणून त्यांनी गुपचूप पुण्याच्या पोराला, अतिशयला, फोन केला. पोरानं मोबाईलवर बोटं फिरवली आणि आई-वडिलांची सांगलीपासूनची एसीची तिकिटं काढून टाकली. पुण्याला गाडी बदलायची, तिथल्या जैन बायकांचा संघ भेटणार, पुढं सगळे मिळून. झालं!

अण्णाप्पांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा न विचारता कुणी आपला बैल विकावा तसा झाला. "तिकीट काढणं म्हंजे असं असतंय व्हय? आमच्या बाबांनी तिकिटासाठी स्टेशनमास्तरला गुळाची ढेप दिलती."

आता या बाबांच्या यात्रेचं सांगायलाच हवं. सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची गोष्ट. अण्णाप्पा तेव्हा चड्डीत. बाबांनी संघ नेला, अण्णाप्पा संघात. पुण्यापर्यंत अरुंद रुळांची गाडी, पुढं रुंद रुळांची, कोळशाचं इंजिन, महिनाभराचा प्रवास. त्यानंतर अण्णाप्पांना रेल्वेत बसायची वेळच आली नाही. एसटी होती, मग जीप आली, मग पोराची मोटार. त्यामुळे त्यांच्या डोक्यातली रेल्वे अजून तिथंच उभी होती, धूर सोडत! इंजिन पाणी प्यायला थांबतं, तोवर फलाटावर चूल मांडून भात होतो. इंजिनाकडे तोंड करून बसलं की कोळशाचे कण डोळ्यांत जातात. आणि सगळ्यांत मोठा नियम, जो बाबांचा होता आणि म्हणून आगमासारखा होता: बायका आधी दारातून, सामान खिडकीतून, कर्ता पुरुष शेवटी.

तयारी सुरू झाली. पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली आली. होल्डॉल उन्हात टाकला, त्यातून उंदरांचं एक कुटुंब बाहेर पडलं आणि तुसड्यासारखं बघत निघून गेलं. तांदळाचं पोतं, मेतकुटाचा डबा, घरच्या विहिरीच्या गाळलेल्या पाण्याच्या पितळी कळश्या, फिरकीचा तांब्या. रॉकेलचा स्टोव्हही निघाला होता; त्यावरून अतिशयनं फोनवर इतका आरडाओरडा केला की तो परत माळ्यावर गेला. दोघांसाठी काळे गॉगल मात्र आले. कोळशाच्या कणांसाठी!

"आवं, आता गाडी विजेवर चालती," राजमतीबाई एकदा म्हणाल्या.

"विजेवर चालू दे न्हाईतर हवेवर. कण ते कणच."

त्यानंतर त्या गप्प बसल्या. याला भित्रेपणा म्हणू नका, हा हिशेब होता. नवऱ्याला एक शंका विचारली की आखणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि यात्रा एक महिना पुढं जाते, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. म्हणून एसीच्या डब्याची खिडकी उघडत नसावी, अशी जी दाट शंका त्यांना धर्मस्थळच्या एसी बसमध्ये बसल्यापासून होती, ती ओठांपर्यंत आली आणि त्यांनी ती गुळाच्या खड्याबरोबर गिळली.

अण्णाप्पांनीच एकदा तो विषय काढला. "एसी म्हंजे गारवा. गारवा दिला म्हणून काय खिडक्या काढून घेत्यात?"

मग तालीम. शेजारचा तात्याबा हा तालमीतला जुना गडी, मान म्हणजे बैलगाडीचा कणा. तो हमाल. धाकटी जाऊ सुलाबाई ही इतर प्रवासी. गोठा हा डबा, आणि गोठ्याची खिडकी ही खिडकी. अण्णाप्पांनी बाहेरून हुकूम दिला, "गाडी लागली!" राजमतीबाई दारातून आत गेल्या आणि ठरल्याप्रमाणे जागा धरायला गव्हाणीवर रुमाल टाकला. तो म्हशीनं खाल्ला. तोवर खिडकीतून पेटी आली, पोतं आलं, होल्डॉल आला. म्हशीनं रवंथ थांबवून हे सगळं पाहिलं. शेवटी कर्ता पुरुष धोतर सावरत दारातून आत आले आणि शेणात पाय ठेवून म्हणाले, "बघा. सुटली का न्हाई गाडी येळंवर?"

त्या संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवणं आटोपली आणि अण्णाप्पा ओसरीवर बसून एक गोष्ट सांगून गेले, जी त्यांनी इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. बाबांच्या त्या यात्रेत मनमाडला अण्णाप्पा इंजिन बघायला खाली उतरले होते. गाडी हलली. दार पुढं गेलं. फलाटावर रडत पळणाऱ्या पोराला कुणा अनोळखी माणसानं बखोटीला धरून उचललं आणि खिडकीतून आईच्या मांडीवर टाकलं. गठुड्यासारखं.

"खिडकी हुती म्हणून मी हाय," ते म्हणाले, आणि उठून होल्डॉलचे पट्टे पुन्हा आवळायला लागले.

राजमतीबाईंना वाटलं, एसीची खिडकी उघडत नाही हे सांगावं आता. पण गुडघ्यांनी आतून चिमटा काढला आणि त्या पुन्हा गप्प बसल्या.

निघायच्या दिवशी अण्णाप्पांना एक शेवटची युक्ती सुचली. कुत्र्याची लांब साखळी सोडवून आणली आणि पेटी, होल्डॉल, पोतं, कळश्या असं सगळं सामान एकमेकांना बांधून वर कुलूप ठोकलं. "सुटं सामान म्हंजे जितके नग तितके घोर. आता एकच नग. चोरायचं तर समदं चोरावं लागंल," म्हणाले. चावी करगोट्याला बांधली. करगोट्यावर धोतर, त्यावर सदरा, सदऱ्यावर स्वेटर, स्वेटरवर लग्नातला कोट. कुत्रा मोकळा सुटला तो मंडळींच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागं भुंकत गावाबाहेरपर्यंत आला. बहुतेक साखळी मागत असावा.

सांगली स्टेशनवर मंडळी इतकी लवकर पोचली की मधल्या काळात दोनदा फलाट झाडून झाला. पोचवायला निम्मी भावकी. सुलाबाईच्या हातात दशम्यांचा डबा आणि फिरकीचा तांब्या, कारण ओटी भरून ते शेवटच्या क्षणी हातात द्यायचं असतं. तात्याबा कुस्तीला उभा राहावा तसा मांड्या थोपटून उभा. परत जाऊन म्हशीची धार काढायला उशीर नको म्हणून तो बनियनवरच आला होता.

गाडी आली. डबा नेमका समोर. बाबांच्या नियमाप्रमाणे राजमतीबाई आपली कापडी पिशवी घेऊन दारातून आत गेल्या. इथवर यात्रा अगदी तालमीप्रमाणं चालली होती.

मग तात्याबानं सामानाचं ते लटांबर खांद्यावर उचललं आणि खिडकीशी गेला. खिडकीला भली थोरली काच. काचेला ना कडी, ना कोयंडा. आत एक गृहस्थ कागदावर पोहे खात बसले होते. अण्णाप्पांनी काचेवर काठीनं टकटक केली आणि खुणेनं सांगितलं, वर करा. गृहस्थांनी आधी खांद्यावर पेटी, पोतं आणि पितळी कळश्या लटकलेला तो बनियनवाला पहिलवान पाहिला. मग काठीवाले म्हातारबाबा पाहिले. आणि शांतपणे पडदा ओढून घेतला!

अण्णाप्पा तसेच उभे राहिले. आयुष्यात प्रथमच त्यांच्याजवळ पुढचा बेत नव्हता.

"दारातनं घाला, दारातनं," भावकीतून कुणीतरी म्हणालं, आणि सगळा गोतावळा दाराकडे धावला. तात्याबा आत चढून ओढायला लागला, बाकीचे बाहेरून ढकलायला लागले. सुलाबाई डबा आणि तांब्या द्यायला मधूनच आत घुसली. पेटी दारातून गेली. होल्डॉल आडवा झाला. पोतं पायरीवर बसलं. साखळी ताणली आणि कळश्या बाहेर लोंबकळत देवळातल्या घंटांसारख्या वाजायला लागल्या.

"कुलूप काढा," आतून राजमतीबाई म्हणाल्या.

अण्णाप्पांनी कोटाची बटणं सोडली. मग स्वेटर वर केला. मग सदरा. हात धोतराच्या निऱ्यांपाशी पोचला आणि ते थबकले, कारण समोर निम्मी भावकी उभी होती आणि भावकीत सुना होत्या.

आपल्याकडे ही गाडी तांब्याभर पाणी पिऊन होईस्तोवर थांबते. तेवढं पाणी पिऊन झालं होतं. गाडी हलली. बाहेरच्यांनी जीव तोडून सामान मागं खेचलं, आत तात्याबानं जीव तोडून पुढं खेचलं. तात्याबा जिंकणारच होता, पण पेटीची कडी हरली. ती उपटून त्याच्या हातात आली आणि सगळं सामान धडाधड फलाटावर पडलं. सगळं एकदम, कारण सगळं एकच नग होतं!

राजमतीबाईंनी दारातून वाकून पाहिलं. अण्णाप्पा होल्डॉलवर बसले होते, धड, एक हात अजून करगोट्यात. ते लहान होत होत गेले आणि फलाटाबरोबर संपले.

आत दारापाशी तिघं उरले. सुलाबाई, पायात मोरीतल्या चपला. तात्याबा, हातात कडी. आणि राजमतीबाई, ज्या अखेर गाडीत होत्या.

फोन वाजला. "सामान सुखरूप हाय," अण्णाप्पा म्हणाले.

"आन् तुमी?"

"मी सामानावर बसलोय. तू आता किर्लोस्करवाडीला उतर. ही गाडी गेली तर गेली. पुन्यांदा आखू."

पुन्यांदा आखू! राजमतीबाईंच्या डोळ्यांपुढं गच्ची आली, जिना आला, पुढच्या वर्षाचे गुडघे आले. त्या किर्लोस्करवाडीला उठून दारापर्यंत गेल्यासुद्धा. गाडी थांबली, सुटली, त्या दारातच उभ्या. तेवढ्यात टीसी आला आणि दोघांकडे नुसती फलाटाची तिकिटं बघून त्यानं तात्याबाला विचारलं की हातात काय आहे. तात्याबानं खरं ते सांगितलं, पेटीची कडी. टीसीनं पेटी कुठाय विचारलं. सांगलीत, तात्याबा म्हणाला. टीसीनं बराच वेळ त्या कडीकडे पाहिलं आणि दोघांना कऱ्हाडला उतरवायचं ठरवून टाकलं.

सुलाबाईला खरं तर उतरायचं नव्हतं. गारवा तिला भलताच मानवला होता. पण कऱ्हाड आलं तसा तिनं दशम्यांचा डबा आणि तांब्या जावेच्या हातात दिला. राजमतीबाई पिशवी घेऊन तिच्यामागं दारापर्यंत आल्या. सुलाबाई तात्याबामागोमाग खाली उतरली आणि वळून दारात हात आडवा धरून उभी राहिली.

"अक्का, आता उतरलीस तर पुन्यांदा न्हाई चढायचीस. तुझं गुडघं मला ठावं हायती आन् भाऊजींचं डोस्कं बी."

"त्येंना एकटं सोडून?"

"एकटं कुटं? सामान हाय की."

गाडी सुटली. राजमतीबाई आतच राहिल्या.

त्यानंतर अण्णाप्पांचे फोन स्टेशनागणिक येत राहिले. ओळीनं सगळी स्टेशनं त्यांना लहानपणापासून पाठ होती आणि प्रत्येक ठिकाणी उतरायचं कारणही तयार होतं. साताऱ्याला मावसबहिणीची नणंद राहत होती. लोणंदला ओळखीचे कांद्याचे अडते होते. जैन माणसानं कांद्याच्या अडत्याकडं वस्तीला कसं जायचं, हे राजमतीबाईंनी विचारलं नाही. त्या दशमी खात होत्या. तांब्याची फिरकी उघडली, घरच्या विहिरीचं पाणी प्यायल्या. रेल्वेनं चादर दिली, उशी दिली, कांबळं दिलं. ज्याचा पट्टा सापडता सापडत नव्हता, तो होल्डॉल इथं आयता घडी करून ठेवला होता!

पुण्याला अतिशय फलाटावर उभा होता. त्यानं वडिलांना फोन लावून सांगितलं, मोटार करा, आत्ता निघा, पुढच्या गाडीला अजून पुष्कळ वेळ आहे, सामान राहू द्या घरी.

"मग यात्रेला काय घिऊन जायाचं?" अण्णाप्पांनी विचारलं. आणि ते चेष्टेनं विचारत नव्हते.

राजमतीबाईंनी पोराच्या हातातून फोन घेतला. "आवं, तुमी नुसतं या."

पलीकडे मागं कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं, म्हणजे ट्रॉली घरी पोचली होती.

"फुडच्या गाडीची तरी उघडती का खिडकी?"

"न्हाई उघडत."

"मग ऱ्हाऊ दे," अण्णाप्पा हळूच म्हणाले. "तू जाऊन ये. पाणी गाळून घे. आन् सारखं खाली उतरत बसू नगंस."

राजमतीबाईंनी फोन ठेवला आणि पदरानं डोळे पुसले. मग गाडी लागली, संघातल्या बायकांनी हाक मारली, आणि खरं सांगायचं तर त्या जवळजवळ पळतच गेल्या!

डोंगर त्यांनी पायी चढला. डोलीवाले वाटभर मागं लागले होते. त्यांना त्या म्हणाल्या, गच्चीच्या जिन्यावर यायचं होतं. गुडघे कुरकुरले, बोलले, एका वळणावर तर भांडले, पण पोचले. वर टोंकापाशी, म्हणजे तीर्थंकरांच्या चरणांच्या देवळीपाशी, ऊन असं चमकत होतं की डोळा उघडेना. राजमतीबाईंनी पिशवीतून काळा गॉगल काढून लावला, हात जोडले, आणि मग फोन लावला.

"कुटनं बोलतीस?"

"वरनं."

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, जणू तेही चढूनच आले होते.

"गॉगल घातलास?"

"घातलाय."

"सांगिटलं हुतं न्हवं, लागंल म्हणून," अण्णाप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम पूर्वीसारखा झाला. संध्याकाळपर्यंत सबंध गावाला कळलं की यात्रा अण्णाप्पांच्या आखणीबरहुकूम पार पडली.

परतीच्या वाटेवर राजमतीबाईंनी तीनतीनदा बजावलं, कुणी येऊ नका, एकच पिशवी आहे, मी रिक्षानं येते. पण आता अण्णाप्पांना अनुभव होता! खिडकी उघडत नाही, गाडी थांबत नाही, हे दोन्ही त्यांनी ध्यानात घेतलं होतं. नवी तालीम गोठ्यातच झाली. म्हशीला आता सवय झाली होती. गाडी थांबली रे थांबली की कर्त्या पुरुषानं स्वतः आत घुसायचं, मागोमाग तात्याबानं, आणि राजमतीबाईंना सामानासकट अलगद खाली आणायचं. सुलाबाईनं बाहेरच हार घेऊन थांबायचं, हे तिला शपथ घालून सांगितलं होतं.

गाडी सांगलीत शिरली. राजमतीबाई शेजारणीच्या सल्ल्यानं आधीच उठून दाराशी येऊन उभ्या होत्या. पलीकडच्या दाराशी, कारण अलीकडचं एका पोत्यानं अडलं होतं. गाडी थांबली, त्या पिशवी घेऊन निवांत उतरल्या आणि इकडंतिकडं बघू लागल्या. डब्याच्या दुसऱ्या टोकाला एक कोट, एक बनियन आणि एक हिरवं लुगडं घाईघाईनं आत चढताना त्यांना दिसलं. हिरवं लुगडं चढायला नको होतं. पण सुलाबाईला तो गारवा आठवला असणार.

"आवं!" राजमतीबाईंनी हाक मारली.

तांब्याभर पाणी पिऊन झालं होतं. गाडी हलली.

त्यांच्या समोरून ती मोठी काच सरकत गेली. काचेआड अण्णाप्पा, हातात झेंडूचा हार, आणि दुसऱ्या हातानं ते काचेवर आतून टकटक करत होते. राजमतीबाई गॉगल लावून उभ्या होत्या. गाडी मिरजेच्या दिशेनं गेली. फोन लगेच वाजला.

"राजमती, आमी आत हाय. तू कुटं हायस?"

"मी भायेर हाय."

पलीकडे मागं सुलाबाई तात्याबाला गारवा कसा वाटतो ते विचारत होती.

"बरं," अण्णाप्पा म्हणाले. "घाबरू नगंस. आता फुडं कसं करायचं, ते मी आखतो."

राजमतीबाई बाकावर टेकल्या, तांब्याची फिरकी सोडली आणि उरलेलं पाणी प्यायल्या. रेल्वेत बसायला जो माणूस इतकी वर्षं घाबरत होता, तो एकदाचा बसला होता. बिनतिकीट, उभ्यानं, मिरजेपर्यंतच का होईना.

"आखू नगा," त्या म्हणाल्या. "मिरजंला उतरा. आन् उतरताना कर्ता पुरुष आधी."